कन्सेन्सस पद्धतींची तुलना: टीपीएसच्या तक्त्यात दम आहे का?

रात्रपाळी | सोमवार, २२:४७

नमस्कार मंडळी,

ऑफिसात सध्या एका क्लायंटचं ब्लॉकचेनचं काम गळ्यात पडलं आहे. विषय शेतमालाच्या गोदाम पावत्यांचा. आठ गोदामवाले, तीन बँका, एक विमा कंपनी. नोंदी सगळ्यांनी मिळून ठेवायच्या, पण किल्ली कोणा एकाच्या हातात नको, असा एकूण मामला. साहेबांनी मला तक्ता करायला सांगितला: डाव्या बाजूला कन्सेन्ससच्या, म्हणजे नोंदींवर सगळ्यांची सहमती घडवण्याच्या पद्धती: प्रूफ ऑफ वर्क (आकडेमोडीच्या ताकदीवर), प्रूफ ऑफ स्टेक (गहाण ठेवलेल्या नाण्यांवर), डेलिगेटेड स्टेक (तेच, पण निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत), पीबीएफटी आणि राफ्ट (ओळखीच्या सदस्यांच्या मतांवर), उजव्या बाजूला टीपीएस, म्हणजे सेकंदाला किती व्यवहार. ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ.

नेटवर असे तक्ते पोत्याने मिळतात. बिटकॉइन ७, इथेरियम १५, सोलाना ६५,०००, हायपरलेजर फॅब्रिक (कंपन्यांनी आपसात वापरायची खासगी ब्लॉकचेन) कुठे ३,५०० तर कुठे थेट २०,०००. किती नोड (साखळी चालवणारी मशीन) घेतले, कोणत्या मशीनवर मोजलं, याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. मला शंका अशी की हे आकडे सहमतीच्या पद्धतीचे आहेतच का? की नेटवर्क, डिस्क, ब्लॉकचा आकार यांचं श्रेय (आणि खापर) कन्सेन्ससच्या नावावर जमा होतंय?

ज्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलंय त्यांनी लिहा. नाण्याचा भाव, 'आत्ता घ्यावं का' वगैरे इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.

तिरकस_रेघ | सोमवार, २२:५३

जागा धरून ठेवतो. आपल्या बिटकॉइनभक्त बारा_शब्द यांना कोणीतरी निरोप धाडा, धाग्यात 'बिटकॉइन ७' असं लिहिलंय.

पोस्टग्रेस_प्रेमी | सोमवार, २३:०२

साधा पोस्टग्रेस डेटाबेस वापरा. धन्यवाद.

बारा_शब्द | सोमवार, २३:३१

निरोप पोचला.

हा ७ कुठून आला ते आधी बघू. जुनी मर्यादा ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, १ एमबी. साधा व्यवहार २५० बाइटचा धरला तर एका ब्लॉकात ४,००० व्यवहार. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंदांनी. ४,००० भागिले ६००, आले ६.६७. यात हॅशिंगचा, विजेचा, मायनिंगच्या (आकडेमोडीची शर्यत लावून ब्लॉक काढणाऱ्या) मशीनचा संबंध कुठे आला? उद्या जगभर दुप्पट मशीन लागली तरी दर २,०१६ ब्लॉकांनी या शर्यतीची काठिण्यपातळी वर सरकते आणि पुन्हा १० मिनिटांवर येतं. २०१७ च्या सेगविट या सुधारणेनंतर मर्यादा थोडी सैल झाली, पण आकार मुद्दामच लहान ठेवलाय, घरच्या साध्या मशीनवर कोणालाही पूर्ण नोड चालवता यावा म्हणून.

आणि उलट बाजू बघा. २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद पाडलं. जवळजवळ निम्मी ताकद काही आठवड्यांत गेली. ब्लॉक रेंगाळले, मग जुलैच्या सुरुवातीला काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली आणि गाडं पुन्हा रुळावर. कोणी बैठक घेतली नाही, कोणी सर्व्हर रीस्टार्ट केला नाही. तुमच्या साहेबांच्या तक्त्यात 'निम्मे सदस्य अचानक गायब झाले तर काय' असा रकाना आहे का?

घाटमाथा | मंगळवार, ००:२०

@बारा_शब्द, हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. १० मिनिटांचं १० सेकंद का करत नाहीत मग? ब्लॉक जगभर पोचायला वेळ लागतो. तो पोचायच्या आत दुसऱ्याने दुसरा काढला तर साखळीला फाटा फुटतो आणि एक ब्लॉक वाया जातो. असे ब्लॉक जितके वाया, तितकी प्रामाणिक मायनरांची ताकद फुकट आणि हल्लेखोराचं काम सोपं. म्हणजे प्रूफ ऑफ वर्कमध्ये वेग वाढवला की सुरक्षिततेतून वजा होतो. २०१६ च्या एका अभ्यासात हे मोजलं होतं: तेव्हाच्या नेटवर्कवर ९० टक्के नोडना बरोबर ठेवायचं तर १० मिनिटांच्या अंतराला ब्लॉक ४ एमबीपेक्षा मोठा नको, म्हणजे फार तर २७ टीपीएस. तेव्हा पद्धतीला स्वतःची मर्यादा आहे, फक्त ती ७ नाही.

आता रात्रपाळी यांच्या शंकेच्या बाजूचा पुरावा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने चालू साखळीवर प्रूफ ऑफ वर्क सोडून प्रूफ ऑफ स्टेक घेतलं. इतका स्वच्छ प्रयोग परत मिळायचा नाही: साखळी तीच, वापरणारे तेच, कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर चालणारे प्रोग्राम) तीच, बदलली फक्त सहमतीची पद्धत. टीपीएस किती वाढला? आधी ब्लॉक सुमारे १३ सेकंदांनी यायचा, आता १२ सेकंदांच्या ठोक्यावर येतो. बस्स. वीज ९९.९५ टक्क्यांनी उतरली, टीपीएस होता तिथेच राहिला, कारण तिथे अडवणूक गॅसच्या (व्यवहाराला लागणाऱ्या आकडेमोडीचं माप) मर्यादेची आहे. तेव्हाची मर्यादा ब्लॉकला ३ कोटी गॅस. साधा व्यवहार २१,००० गॅसचा. १,४२८ व्यवहार बसले, १२ ने भागा, ११९ टीपीएस. पण लोक कॉन्ट्रॅक्ट चालवतात, ती गॅस जास्त खातात, म्हणून प्रत्यक्षात १२-१५ च्या आसपास. पुढे २०२५ मध्ये हीच मर्यादा पायरीपायरीने ६ कोटींपर्यंत नेली. सहमतीच्या पद्धतीला हात न लावता क्षमता दुप्पट.

मग पद्धत बदलून काय बदललं? फायनॅलिटी, म्हणजे व्यवहार मागे फिरणार नाही इतका पक्का होणं. ते उद्या लिहितो, झोप येतेय.

तिरकस_रेघ | मंगळवार, ००:२४

'क्रमशः' टाकून झोपायला जाणाऱ्या आयडींना स्लॅश करावं असा ठराव मांडतो. गहाण ठेवलेले ३२ ईथ जप्त.

आप्पा_निवृत्त | मंगळवार, ०८:१५

तरुण मंडळी, मी बँकेतून निवृत्त. ब्लॉकचेन मला बेताचं कळतं, पण पैसे कधी 'पोचले' म्हणायचे ते कळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले, एका महिन्यात. नातवाने भागाकार करून दिला, सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास. सणाच्या संध्याकाळची गर्दी वेगळीच. हे काही ब्लॉकचेनवर चालत नाही. तेव्हा टीपीएसचीच स्पर्धा असेल तर तुमच्या ७ आणि १५ वाल्यांनी घरी जावं.

पण एक लक्षात घ्या. भाजीवाल्याचा स्पीकर बोलला म्हणजे बँकांमधला हिशेब मिटला असं नव्हे. ग्राहकाला रक्कम लगेच दिसते, बँका आपसातली देणीघेणी नंतर, दिवसातल्या ठरलेल्या वेळांना, निव्वळ रकमेने मिटवतात. आरटीजीएसमध्ये मात्र एकेक व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या खात्यांत तिथल्या तिथे मिटतो आणि मागे फिरत नाही. दोन्हींचं टीपीएस शेजारी शेजारी लिहून ठेवलंत तर हा फरक कोणाला दिसणार?

पिंपळपान_सात | मंगळवार, ०८:४०

आप्पा, दंडवत. 

घाटमाथा | मंगळवार, १०:०५

आप्पांनी माझा उरलेला प्रतिसाद लिहूनच टाकला. तरी पुरवणी जोडतो.

बिटकॉइनमध्ये 'मिटलं' असं कधी नसतं, 'फिरण्याची शक्यता नगण्य' असं असतं. सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधातच त्याचे आकडे आहेत. ही शक्यता ०.१ टक्क्याच्या खाली आणायला, हल्लेखोराकडे १० टक्के ताकद असेल तर ५ ब्लॉक पुरतात, ३० टक्के असेल तर २४ लागतात आणि ४५ टक्के असेल तर ३४०. ३४० ब्लॉक म्हणजे दोन दिवसांच्या वर. लहान साखळ्यांनी याची किंमत मोजली आहे. इथेरियम क्लासिकवर एकट्या ऑगस्ट २०२० मध्ये तीन हल्ले झाले, हजारो ब्लॉक उलटले. तीही प्रूफ ऑफ वर्कच. म्हणजे 'सुरक्षितता: उत्तम' हा शेराही पद्धतीला देता येत नाही, तो मागे किती यंत्रं जुंपली आहेत त्याला द्यावा लागतो.

इथेरियममध्ये आता ३२ ठोक्यांचा एक इपॉक, साधारण ६.४ मिनिटांचा. दोन इपॉक झाले, म्हणजे जवळपास १३ मिनिटं, की ब्लॉक पक्का. त्यानंतर तो फिरवायचा तर एकूण स्टेकपैकी किमान एक तृतीयांश जळेल. टेंडरमिंट किंवा पीबीएफटी या मतदानाच्या पद्धतींच्या घराण्यात ब्लॉक आला की तो पक्काच, काही सेकंदांचा मामला.

थोडक्यात, थ्रूपुट म्हणजे लालपरीत किती माणसं बसली आणि लेटन्सी म्हणजे तुम्ही नाशिकला किती तासांनी पोचलात. तक्तेवाले पहिलं सांगतात आणि दुसरं गाळतात.

तिरकस_रेघ | मंगळवार, १०:११

आणि फायनॅलिटी म्हणजे कंडक्टरने तिकिटामागे लिहिलेले सुटे पैसे हातात दिले तो क्षण. काही प्रवासांत येतच नाही.

चारशे_मिली | मंगळवार, ११:३०

सोलानाचं नाव पहिल्या पोस्टमध्ये येऊनही सगळे कसे सोयीस्कर गप्प! ४०० मिलिसेकंदांचा ठोका, दिवसाला कोट्यवधी व्यवहार, फी नगण्य. प्रूफ ऑफ हिस्टरी ही चीजच वेगळी आहे. बाकीचे अजून 'आता किती वाजले' यावर मतदान करतायत.

सिंगापुरी_केळं | मंगळवार, १३:४५

@चारशे_मिली, व्हॅलिडेटर (स्टेक ठेवून ब्लॉकांवर मत देणारी मशीन) सांभाळणं हा माझा रोजचा धंदा आहे, तेव्हा दोन गोष्टी सांगतो. प्रूफ ऑफ हिस्टरी ही सहमतीची पद्धत नाही, ते सगळ्यांना मान्य होईल असं घड्याळ आहे. सहमती होते टॉवर बीएफटी या मतदानाच्या पद्धतीने, मागे स्टेक असतो. दुसरं, तिथे व्हॅलिडेटरांची मतंही व्यवहार म्हणूनच साखळीवर येतात आणि ढोबळ आकड्यात मोजली जातात. एकूण आकड्यातला मोठा वाटा या मतांचा. मतं वगळून मोजा, तरीही इथेरियमच्या पुढेच आहे, पण ६५,००० कुठेच नाही.

शिवाय १४ सप्टेंबर २०२१ विसरू नका. एका टोकनविक्रीच्या वेळी बॉटनी व्यवहारांचा असा भडिमार केला की सोलाना १७ तास आडवी. ८० टक्के स्टेकवाल्यांनी एकत्र येऊन कुठून सुरू करायचं ते ठरवलं तेव्हा पुन्हा उठली.

चारशे_मिली | मंगळवार, १४:२०

जुनी पानं काढायची तर सगळ्यांचीच निघतात. आता तिथे फायरडान्सर हे दुसरं क्लायंट सॉफ्टवेअर आलंय. अल्पेनग्लो हा नवा प्रोटोकॉल सप्टेंबर २०२५ मध्ये मतदानाने मंजूर झालाय. फायनॅलिटी १२.८ सेकंदांवरून १५० मिलिसेकंदांच्या आसपास आणायचं लक्ष्य आहे आणि मतं साखळीवरून हटणार आहेत.

बारा_शब्द | मंगळवार, १४:२६

म्हणजे मतं हटली की टीपीएसचा आकडा कोसळणार आणि साखळी मात्र जलद होणार. रात्रपाळी, हे साहेबांना दाखवा.

रात्रपाळी | मंगळवार, १४:५०

:D दाखवते. सिंगापुरी_केळं, व्हॅलिडेटर सांभाळताय तर हे सांगा, 'बंद पडणं' तुमच्याकडे कसं दिसतं? तक्त्यात तोच रकाना मला रिकामा दिसतोय.

सिंगापुरी_केळं | मंगळवार, १८:३०

पद्धतीप्रमाणे वेगवेगळं दिसतं, आणि खरी तुलना इथेच आहे असं माझं मत.

११ आणि १२ मे २०२३. इथेरियमची फायनॅलिटी थांबली. पहिल्या दिवशी सुमारे २५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी तासाच्या वर. जुन्या ब्लॉकांकडे बोट दाखवणारी मतं मोठ्या संख्येने आली. ती तपासताना प्रिझम आणि टेकू ही दोन सॉफ्टवेअरं मेमरी आणि सीपीयू खाऊन बसली. लाइटहाउस तगलं. माझ्या पडद्यावर लाल रंगाची जत्रा होती, पण ब्लॉक येत राहिले, बरेच चुकले तरी येत राहिले. साध्या वापरणाऱ्यांना बहुधा कळलंही नसेल. चहा करून येईपर्यंत... असो, चहा गार झाला होता.

आता दुसरी तऱ्हा. पॉलिगॉनच्या साखळीत दोन थर असतात. ब्लॉक काढणारा बोर आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा हाइमडाल, जो तेव्हा टेंडरमिंटवर बांधलेला होता. १० मार्च २०२२ ला अपग्रेडनंतर हाइमडालच्या व्हॅलिडेटरांचं दोन तृतीयांशावर एकमत होईना. टेंडरमिंटचा नियम असा की शंका असेल तर थांबायचं. थांबला. सुमारे ११ तास साखळी ठप्प. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये बोर थांबला नाही, पण १५७ ब्लॉक मागे फिरले. २ सेकंदांचा ब्लॉक धरला तर पाच मिनिटांचा इतिहास नव्याने लिहिला गेला.

थांबणं बरं की फिरणं बरं, हे धंद्यावर ठरतं. गेम असेल तर फिरलेलं चालेल. तारण असेल तर थांबलेलं बरं.

पिंपळपान_सात | मंगळवार, १९:०५

थोडं अवांतर. पॉलिगॉनचं नाव निघालंच आहे तर, गडचिरोलीत एटापल्लीला ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचा उपक्रम २०२२ मध्येच जाहीर झाला होता. तिथे टीपीएस किती लागला असेल?

घाटमाथा | मंगळवार, १९:२०

जवळजवळ शून्य चालेल. दाखला साखळीवर ठेवायचा नसतो, त्याचा हॅश (मजकुरातून निघणारा छोटा ठसा) ठेवायचा असतो. मर्कल ट्री केलं, म्हणजे हॅश दोन-दोन जोडत गेलं, तर ६५,००० हॅशचं मिळून एकच मूळ निघतं, ३२ बाइटचं, आणि ते एका व्यवहारात बसतं. त्यांनी नेमकं कसं केलं त्यात मी शिरत नाही, पण अशा कामाला बिटकॉइनसुद्धा वेगवान आहे.

तिरकस_रेघ | मंगळवार, १९:३२

सातबारा टाका ना पण साखळीवर. 

आप्पा_निवृत्त | मंगळवार, १९:५०

टाका खुशाल. बांध कोरणारा कोरतच राहणार. नोंद पक्की झाली म्हणजे नोंदीतलं खरं झालं, असं कुठल्या यंत्राने होत नाही. चुकीचा फेरफार एकदा पक्का झाला तर तो काढायला पूर्वी कोर्टात जायचो, आता कोर्टात जाऊन शिवाय तुमच्यासारख्यांना फी द्यावी लागेल.

पोस्टग्रेस_प्रेमी | मंगळवार, १९:५२

आप्पांना +१००.

मांडवीकाठ | मंगळवार, २३:१०

पणजीहून लिहितोय, आत्ताच पूर्ण धागा वाचला. चर्चा छान, पण रात्रपाळी यांच्या कामाला सोलाना आणि बिटकॉइन दोन्ही लागत नाहीत. बारा ओळखीचे पक्ष आहेत, निनावी कोणी नाही. त्यांचा प्रश्न राफ्ट की बीएफटी (लबाड सदस्य सोसणाऱ्या पद्धती, पीबीएफटी त्यातलीच) एवढाच. मी फॅब्रिकवर बरंच मोजमाप केलंय म्हणून सविस्तर.

आधी पीबीएफटीचं गणित. १९९९ मध्ये कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांनी मांडलेली पद्धत. f लबाड सोसायचे तर किमान ३f + १ नोड हवेत. एका निर्णयासाठी तीन फेऱ्या आणि त्यातल्या दोन सर्वांकडून सर्वांना. n नोडचे निरोप मोजले तर २n(n-१) होतात. ४ नोडना २४. १६ ना ४८०. १०० नोडना १९,८००. हे एका निर्णयाचे! म्हणूनच २०१७ च्या ब्लॉकबेंच अभ्यासात तेव्हाचं हायपरलेजर, जे पीबीएफटीवर होतं, १६ नोडच्या पुढे कोलमडलं. पुढे हॉटस्टफ या नव्या पद्धतीने निरोपांची ही चढण सरळ रेषेवर आणली.

त्याच ब्लॉकबेंचमध्ये गंमत अशी की पॅरिटी नावाची साखळी मंद पडली ती सहमतीमुळे नव्हे. सर्व्हरवर व्यवहारांना सही करायलाच वेळ जात होता. वरून मोजणाऱ्याला दिसला फक्त कमी टीपीएस.

आता फॅब्रिक. तुम्हाला सापडलेला ३,५०० हा आकडा २०१८ च्या मूळ निबंधातला आहे, २०,००० हा पुढच्या वर्षीच्या फास्टफॅब्रिकचा. त्यांनी सहमतीची पद्धत बदललीच नव्हती. बाकीची गळती बुजवली, व्यवहारातला मजकूर आणि मथळा वेगळे केले, तपासणी समांतर केली वगैरे. हे एकच उदाहरण तुमच्या शंकेला पुरेसं आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर फॅब्रिकचं टेस्ट नेटवर्क उभं करा. त्याच्या कॉन्फिगटीएक्स फाइलीत बॅचची कमाल संख्या १० आणि बॅच टाइमआउट २ सेकंद असतो. म्हणजे १० व्यवहार जमले किंवा २ सेकंद झाले की ब्लॉक कापायचा. कॅलिपर या मोजमापाच्या साधनाने भार टाका, आकडा लिहून ठेवा. मग १० चे ५०० करा आणि पुन्हा टाका. राफ्ट तोच, मशीन तेच, आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पण भार हलका असेल तेव्हा एकट्या व्यवहाराला ती २ सेकंदं कुढत बसावं लागतं, तेही बघा. मग आतल्या लेव्हलडीबी या डेटाबेसच्या जागी काउचडीबी लावा आणि आकडा खाली येताना बघा.

आणखी एक सापळा. कॅलिपरच्या अहवालात यशस्वी आणि अयशस्वी वेगळे येतात. सगळे व्यवहार एकाच पावतीवर आदळवले तर एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्टने (वाचलेली नोंद मधेच दुसऱ्याने बदलल्याने) ढिगाने बाद होतात. ते ब्लॉकात बसतात, पण काही बदलत नाहीत. विक्रेत्याच्या सादरीकरणात कोणता आकडा असतो ते विचारून घ्या. एका विक्रेत्याने आम्हाला दाखवलेला आकडा बाद झालेल्यांसकट होता, आणि सगळे नोड एकाच लॅपटॉपवर डॉकरमध्ये. नेटवर्कचा उशीर शून्य!

उशीर शून्य कधीच नसतो. मुंबई ते व्हर्जिनिया १३,००० किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. एकेरी ६५ मिलिसेकंद, तेही तार सरळ रेषेत असती तर. पीबीएफटीच्या तीन फेऱ्या केल्या की २०० मिलिसेकंद गेले, कितीही महाग मशीन घ्या. राफ्टमध्ये नेत्याने पाठवायचं आणि बहुमताने पोच द्यायची, एक जाणं-येणं. म्हणून राफ्ट जलद. पण राफ्ट फक्त बंद पडलेला नोड सोसतो, खोटं बोलणारा नाही. शिवाय प्रत्येक नोंद आधी डिस्कवर टेकवतो. आमच्याकडे एकदा राफ्टचा नेता सारखा बदलत होता. सगळे नेटवर्कला शिव्या देत होते, निघाली संथ डिस्क.

रात्रपाळी | बुधवार, ००:१५

मांडवीकाठ, हा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवते. वाचनखूण वगैरे साठवली आहेच.

घाटमाथा | बुधवार, ०९:३०

मांडवीकाठ यांच्या प्रतिसादाला एक जोड. नारव्हाल नावाच्या कामात, २०२२ मध्ये आलेल्या, व्यवहारांचा मजकूर सगळीकडे पोचवणं आणि त्यांचा क्रम ठरवणं ही दोन कामं वेगळी केली. साधा हॉटस्टफ १,८०० टीपीएस देत होता, १ सेकंदाच्या उशिराने. नारव्हालवर बसवलेला हॉटस्टफ १,३०,००० च्या वर गेला, २ सेकंदांच्या आत. क्रम ठरवणारी पद्धत दोन्हीकडे तीच. सहमती म्हणजे क्रम ठरवणं, ते स्वस्त आहे. माल वाहून नेणं महाग आहे.

पोस्टग्रेस_प्रेमी | बुधवार, ११:००

आता गंभीरपणे विचारतो. राफ्टचे ते ऑर्डरर, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणारे नोड कोण चालवणार? तिन्ही किंवा पाचही तुमच्याच कंपनीच्या क्लाउड खात्यात असतील तर ती ब्लॉकचेन नाही, आडवळणाने चालवलेला डेटाबेस आहे, आणि मग माझी पहिली प्रतिक्रिया कायम. दुसरं, गोदाम पावत्यांना सरकारी व्यवस्था आहेच की! डब्ल्यूडीआरए या गोदामांच्या नियामक प्राधिकरणाच्या नोंदणीतल्या गोदामांची इलेक्ट्रॉनिक पावती रिपॉझिटरीत असते. मधे एक विश्वासू संस्था आहे, डेटाबेस आहे, चाललंय.

आप्पा_निवृत्त | बुधवार, ११:४०

ती व्यवस्था चांगली आहे, पण नोंदणी न केलेली गोदामं भरपूर आहेत. आणि गोदामावर कर्ज देताना बँकेच्या पोटात गोळा येतो तो एकाच गोष्टीने: हीच पावती दुसऱ्या बँकेत तारण ठेवलेली तर नाही ना? एकच सोयाबीन, दोन कर्जं. कागदी पावत्यांच्या काळात हे प्रकार आम्ही पाहिले आहेत.

बरं, हंगामात एका गोदामातून दिवसाला पावत्या निघून निघून किती निघणार? शेकड्यांत. त्याला सेकंदाला किती, हा प्रश्नच हास्यास्पद आहे. बँक विचारणार ते असं: माझं तारण नोंदलं गेल्यावर ते पुसलं जाऊ शकतं का, आणि मी रक्कम सोडण्याआधी किती थांबायचं?

बारा_शब्द | बुधवार, ११:५५

हाच डबल स्पेंड, एकच नाणं दोनदा खर्चणं. आप्पा, तुम्ही आमच्यातलेच निघालात.

आप्पा_निवृत्त | बुधवार, १२:०४

मी माझ्या मुदत ठेवींसोबत सुखी आहे.

मांडवीकाठ | बुधवार, २१:२०

आप्पांनी प्रश्न नेमका पकडला. मग शक्यतेवर चालणारी फायनॅलिटी बाद, आला ब्लॉक की पक्का अशी पद्धत हवी. राफ्ट की बीएफटी हे 'कोणी खोटं बोलू शकतो का' यावर. फॅब्रिकच्या ३.० पासून, म्हणजे २०२४ पासून, बीएफटी ऑर्डरर अधिकृतपणे मिळतो.

पण रात्रपाळी, एक धोका आहे. प्रत्येकाला एक नोड दिलात तर n = १२, सोसता येतील असे लबाड ३, कोरम (निर्णयाला लागणारी मतं) ८. गोदामवाले किती? आठ. म्हणजे बँका आणि विमा कंपनी झोपल्या तरी गोदामवाले एकट्याने ब्लॉक पक्के करतील. आठही कशाला, ८-८ चे दोन कोरम १२ मध्ये ४ ठिकाणी एकमेकांवर येतात, तेव्हा चार जण मिळाले तरी एका बँकेला एक क्रम आणि दुसरीला दुसरा दाखवता येऊ शकतो. एकच पावती, दोन तारणं, आणि दोन्हीकडे 'पक्कं' असा शेरा. व्यवहाराला बँकेची आणि गोदामाची दोघांची सही लागेल असं एंडोर्समेंट धोरण ठेवलंत तर खोटा व्यवहार बनवता येणार नाही, पण खऱ्या दोन व्यवहारांचा क्रम फिरवायला सही लागत नाही.

मी असतो तर ७ नोड केले असते. बँकांना ३, गोदामवाल्यांच्या मिळून २, विमा कंपनीला १, एक तुमच्याकडे. सोसता येणारे २, कोरम ५.

सिंगापुरी_केळं | बुधवार, २१:४५

बँका ३ म्हणजे त्याही सोसण्याच्या मर्यादेबाहेर. त्या तिघी एक झाल्या तर?

मांडवीकाठ | बुधवार, २१:५२

तर दुहेरी तारणात बुडणार कोण? त्याच. त्यांनी एक होऊन स्वतःलाच फसवलं तर माझी हरकत नाही. हां, तिघींनी नोड बंद ठेवले तर साखळी थांबेल, कोरमला पाच लागतात. ते लेखी करून घ्या, देखभालीच्या वेळा तिघींच्या वेगवेगळ्या.

आप्पा_निवृत्त | गुरुवार, ०७:३०

आणि विमा कंपनी नोड चालवायला तयार आहे का, हे कोणी विचारलंय? नोंद ठेवण्यात भाग घेतला म्हणजे उद्या दाव्याच्या वेळी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

रात्रपाळी | गुरुवार, १३:१०

आज सकाळीच विचारलं. 'विधी विभागाकडे पाठवतो' म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं तर ६ नोड उरतात, म्हणजे सोसता येणारा लबाड एकच. सातवा कोण, हे शोधणं चालू आहे.